शेवंतीचे केस

उन्हाळ्यात पॉइंटवरच्या सगळ्या घोड्यांचे केस झडले, शेवंतीचे झडले नाहीत. लखनला वाटलं, म्हातारी घोडी आहे, उशिरा झडतील. मग पावसाळा लागला आणि सगळा पावसाळा ती त्याच केसांत भिजत राहिली. दसरा उलटला, ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं, तेव्हा तिच्या अंगावर बोटाएवढे लांब, तांबूस, गुंता झालेले केस होते. पोटाखाली तर गाठीच लोंबायच्या. ऊन जरा वर आलं की ती उभ्या जागी घामानं निथळायची. घाम केसांत मुरायचा आणि आंबूस वास सुटायचा.

लोणावळ्याच्या वर दरीच्या कडेला मोकळं माळरान आहे, त्याला सगळे पॉइंटच म्हणतात. कणसंवाले, मॅगीवाले, भजीवाले, आणि एका अंगाला घोडेवाल्यांची रांग. लखन रांगेत शेवटी उभा राही. त्या रविवारी मुंबईकडचं एक जोडपं फिरत फिरत त्याच्यापर्यंत आलं. बाई घोडीवर बसली. लखननं लगाम धरून कड्यापर्यंत नेलं, परत आणलं. बाई उतरली तर तिच्या पांढऱ्या पँटला मांडीपासून खाली पिवळट ओला डाग. तिनं हात नाकाशी नेला आणि मान फिरवली.

"भैया, ये घोडा है के भालू?" नवरा म्हणाला.

शेजारचे घोडेवाले हसले. लखनही हसला. बाईनं पिशवीतून ओले कागदी रुमाल काढले, स्वतःचे हात पुसले आणि एक रुमाल लखनसमोर धरला. तो कशासाठी, ते त्याला कळेना. मग त्यानं त्या रुमालानं खोगीर पुसलं. पैसे त्यानं मागितले नाहीत, त्यांनीही दिले नाहीत.

ते गेल्यावर कैलास आला. कैलास खालच्या गावातल्या जमीनवाल्या घरचा. त्याची स्वतःची घोडी होती आणि घोडेवाल्यांच्या संघटनेत त्याचा शब्द चाले.

"लखन, दिवाळीची गर्दी तोंडावर आलीय," तो म्हणाला. "ही अशी हितं उभी करू नको. एकीचा वास आला की गिऱ्हाईक समद्यांपासून लांब पळतं."

"धुतो की मी रोज."

"धुऊन काय व्हतंय? केस काढ तिचे. डागदरला दाव. ते व्हईस्तवर नको आणू."

कैलास हे हळू आवाजात बोलला होता. पण रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं, आणि सगळे आपापल्या घोड्यांच्या लगामात काहीतरी शोधायला लागले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेवंतीला लांबूनच पाहिलं, मग जवळ येऊन केसांत बोटं घातली. बोटं आत गेली ती गाठीत अडकली. कातडीला बुरशी लागली होती.

"हा म्हातारपणाचा आजार आहे. केस आपोआप झडणार नाहीत," ते म्हणाले. "सगळे कापून काढा. हवा लागली पाहिजे, मग मलम लागू पडेल. पण मशीन घोड्याचंच घ्या. माणसांचं घेऊ नका, कुत्र्याचंही नको. त्याची ताकद पुरत नाही, पातं तापतं. खालच्या राइडिंग स्कूलमध्ये आहे बघा चांगलं. आदिनाथ तिथं असतो, त्याच्याकडून मागून घ्या."

"बघतो, सायेब."

"बघू नका, मागा. आणि एकदा दात दाखवायला आणा हिला."

लखननं मान हलवली. दातांचं त्यानं नीट ऐकलंच नाही. आदिनाथचं नाव निघालं तेव्हाच त्याचे कान तापले होते.

लखनची वाडी पॉइंटच्या पलीकडे, डोंगराच्या उतारावर. पंधरावीस घरं, ठाकरांची. घरात तो, बायको रंजना आणि आई सावित्राबाई. घराला लागूनच पत्र्याच्या पडवीत शेवंती बांधलेली असे. रंजना खंडाळ्याच्या दोन बंगल्यांवर धुणंभांडी करायची. सावित्राबाई गुडघ्यांमुळं घरीच असे, पण घोडीला गवत टाकणं, पाणी दाखवणं तिच्याकडे होतं.

रात्रीची जेवणं चालली असताना रंजना म्हणाली, "मग आदिनाथभाऊंकडं जावा की. न्हाई म्हनायचे न्हाईत ते."

"त्याच्याकडं जायचं न्हाई."

"का?"

रंजनाला कारण ठाऊक होतं. राइडिंग स्कूलमध्ये लखन बरीच वर्षं मोतद्दार होता. घोड्यांचा खरारा, लीद, चंदी, सगळं त्याच्याकडे. आदिनाथ तिथला मुकादम. एकदा मोठ्या घरच्या मुलांचा वर्ग चालू असताना एक घोडा बिचकला, आणि आदिनाथनं सगळ्यांसमोर लखनच्या हातातली दोरी काढून घेतली. "सोड. तुझ्यानं न्हाई व्हायचं," एवढंच म्हणाला. लखननं दुसऱ्या दिवशी काम सोडलं. पण खरी गोष्ट त्यानंतरची होती. शेवंती त्याच शाळेतली घोडी. म्हातारी झाली तशी मालकानं ती काढायला सांगितली. लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणारे लोक मागत होते. आदिनाथनं त्यांना दिली नाही. तो स्वतः मोटरसायकलवरून वाडीत आला आणि म्हणाला, "लखन, तू घे हिला. दुसऱ्याच्या हातात जायला नको." पैसे जवळजवळ घेतलेच नव्हते.

त्या माणसाकडे जाऊन, शेवंतीचे हाल झालेत, मशीन द्या, असं म्हणायला लखनची जीभ उचलत नव्हती.

"म्या कातरीनं कापते," सावित्राबाई म्हणाली. "मेंढरं कापत्यात तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंप्याकडून कात्री आणली. सावित्राबाई बाजेवर बसून एका खांद्याचे केस कापत राहिली. दुपारपर्यंत हाताएवढी जागा झाली, तीही उंदरांनी कुरतडल्यासारखी. तिच्या अंगठ्याला फोड आला. शेवंती मान खाली घालून उभी होती. मधूनच ती गवताचा घास तोंडात घोळवायची आणि अर्धा चावलेला बोळा खाली टाकायची.

"हे बघा, पुन्ना टाकला," रंजना म्हणाली. "म्या तुमास्नी किती येळा सांगितलं, ती गिळत न्हाई."

"वास येत आसंल गवताला," लखन म्हणाला. "म्या पुण्याला जातो. मशीन आणतो."

लोणावळ्याहून सकाळची लोकल धरून तो पुण्यात उतरला. कॅम्पात जनावरांच्या सामानाचं एक दुकान आहे, असं त्यानं राइडिंग स्कूलमध्ये असताना ऐकलं होतं. विचारत विचारत तो तिथं पोहोचला. काचेचं दार, आत गारवा. भिंतीवर खोगिरं, चकचकीत लगाम, कुत्र्यांचे पट्टे, गाद्या. आपल्या चपलांना लीद लागलेली आहे की काय, म्हणून लखननं दारातच दोनदा पाय घासले.

दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, मऊ बोलणारा माणूस होता. "घोड्यासाठी? या, या," असं म्हणून त्यानं तीन खोकी काढून काउंटरवर मांडली.

"हे मोठं. वायरवर चालतं. जाड केस, ओले केस, गुंता, काही असू द्या, अडत नाही. हे बॅटरीचं. आवाज कमी, बिचकणाऱ्या घोड्याला बरं, पण सगळं अंग एका दमात होणार नाही. आणि हे तिसरं कुत्र्यांचं. घोड्याचं तोंड, कानाच्या कडा, एवढ्यापुरतं चालतं. तुमचे घोडे किती?"

लखननं रांगेत टांगलेल्या लगामांकडे पाहिलं. "हायेत. तबेला हाय."

"कुठं?"

"लोणावळ्याला. मालकांचा हाय. मी बघतो सगळं."

हे त्याच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही. दुकानदाराचा चेहरा खुलला. त्यानं मोठं मशीन खोक्यातून काढून त्याच्या हातात दिलं, बटण दाबलं. जड होतं. आवाज घुमला तो तळहातातून कोपरापर्यंत चढला. हे हातात असलं तर शेवंती एका सकाळीत मोकळी होईल, हे लखनला लगेच समजलं. शाळेत त्यानं असंच मशीन आदिनाथच्या हातात पाहिलं होतं. वायर धरून बाजूला उभं राहायचं काम लखनचं असे.

"पातं नवीन घ्या जोडीला. तेल देतो. चालताना मधे मधे पात्याला हात लावून बघायचा, गरम वाटलं की थांबायचं," दुकानदार म्हणाला आणि किंमत सांगितली.

लखननं मशीन हळूच काउंटरवर ठेवलं. खिशात होतं त्यात ते बसणारं नव्हतं. तसं सांगितलं असतं तर माणूस काही खायला उठला नसता. जुनं आहे का, भाड्यानं मिळेल का, असंही विचारता आलं असतं. पण आता तो तबेलेवाल्या मालकाचा माणूस होता.

"मालकांना फोन लावता का?" दुकानदारानं विचारलं. "द्या, मीच बोलतो. तीन-चार घोडे असले तर सवलत देऊ."

"न्हाई, ते... ते बाहेरगावी हायेत." लखनला त्या गारव्यात घाम फुटला. त्यानं तिसऱ्या खोक्यावर बोट ठेवलं. "सध्या हे द्या."

"कुत्र्याचं?"

"व्हय. बंगल्यावर कुत्रं हाय. त्याच्यासाठी सांगितलंय मालकांनी."

"अच्छा, अच्छा. कुठल्या जातीचं?"

लखनला एकाही जातीचं नाव आठवेना. "मोठं हाय," तो म्हणाला. "केसाळ."

दुकानदारानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता खोकं पिशवीत घातलं. "घोड्याला वापरू नका हं हे," एवढंच म्हणाला. ते तो फार आदरानं म्हणाला, आणि लखनला रस्त्यावर आल्यावर कितीतरी वेळ ते वाक्य पाठीमागून चालत येतंय असं वाटत राहिलं.

घरी त्यानं सांगितलं, "घोड्याचंच हाय. नव्या पद्धतीचं, ल्हान."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून वायर ओढून त्यानं बोर्ड पडवीत आणला. रंजनानं सुट्टी घेतली होती. तिनं शेवंतीची म्होरकी धरली, सावित्राबाई उंबऱ्यात बसली. मशीन सुरू झालं तशी घोडीनं कान टवकारले, मग खाली सोडले. शाळेत तिच्या अंगावरचे केस दरवर्षी कापले जात. तिला हे माहीत होतं.

मानेवरून लखननं सुरुवात केली. केस खाली पडायला लागले. रंजना हसली. "बघा की, आतली किती मऊ हाय."

कुशीवर आल्यावर मशीन अडलं. लखननं दाबलं. ते घरघरलं, थोडं चाललं, पुन्हा अडलं. त्यानं पात्यातले केस काढले, फुंकर मारली, पुन्हा दाबलं. एकाच जागेवरून दोनदा, तीनदा फिरवावं लागत होतं. शेवंतीची कातडी थरथरायला लागली, माशी बसल्यावर थरथरते तशी. तिनं मागचा पाय उचलला आणि ठेवला.

"थांबा जरा," रंजना म्हणाली.

"धर तू नीट. कुशी झाली की थांबतो."

शेवंतीनं मान वळवून त्याच्या दंडाला नाक लावलं. लखननं कोपरानं ते ढकललं. ती पुन्हा वळली, तेव्हा त्यानं तिच्या मानेवर थाप मारली. थाप जराशी जोरातच बसली. घोडी सरळ उभी राहिली आणि मग हललीच नाही. मशीन बरगडीवरून चाललं, थांबलं, चाललं.

जळक्या केसांचा वास आधी सावित्राबाईला आला. "काय जळतंय रं?"

रंजनानं म्होरकी सोडली, पुढं आली आणि चालत्या मशीनच्या पात्याच्या पाठीला मनगट लावलं. चटका बसला तसा तिनं हात मागे घेतला. मनगटावर लाल डाग उठला. तिनं तो लखनच्या डोळ्यांसमोर धरला. मग दोघांनी शेवंतीच्या कुशीकडे पाहिलं. जिथं जिथं मशीन फिरलं होतं तिथं कातडीवर लाल पट्टे होते. एकदोन ठिकाणी पाणी सुटलं होतं.

"हलली न्हाई ती," लखन म्हणाला. "हलली आसती तर कळलं आसतं."

रंजनानं घरातून खोबरेल आणलं आणि बोटानं हळूहळू लावायला लागली. मग तिला खोकं दिसलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. पण खोक्यावर कुत्र्याचं चित्र होतं.

"पुण्याला जाऊन कुत्र्याचं आणलं तुमी," ती म्हणाली.

लखन केस झाडायला लागला.

त्या दिवशीपुरता प्रश्न मिटला. पण पुढं शनिवार आला, आणि शनिवारी घरी बसायचं म्हणजे सगळा आठवडा कोरडा. लखननं शेवंतीच्या पाठीवर जाड घोंगडी टाकली, ती दोन्ही कुशींवर खाली येईल अशी ओढली आणि वरून खोगीर कसलं. दिसण्यासारखं काही राहिलं नाही. कैलासनं मानेवरचे कापलेले केस बघितले आणि मान डोलावली. लखननं दोनतीन फेऱ्या मारल्या. चढाला शेवंती थांबत होती. तो लगामाला हिसका देत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत तो घोडी घेऊन वाडीत परतला, तेव्हा अंगणात मोटरसायकल उभी होती. पडवीसमोरच्या बाजेवर आदिनाथ बसला होता, हातात कोऱ्या चहाचा कप. पायाशी कातडी पिशवी. रंजना दाराशी उभी होती. ती बंगल्यावर गेली नव्हती, आदिनाथला सांगायला खाली गेली होती, हे लखनच्या लक्षात आलं.

"ये लखन," आदिनाथ म्हणाला, जणू अंगण त्याचंच होतं.

"कधी आलाव?"

"झाला थोडा वेळ. मावशींशी बोलत व्हतो." आदिनाथनं कप खाली ठेवला. शेवंतीनं त्याचा आवाज ऐकून कान पुढं केले. तो उठून तिच्या कपाळावर हात ठेवून उभा राहिला. "जीन उतरव तिचं."

लखन तंग, पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा, सोडायला वाकला. तंगाच्या चामडी पट्ट्याला कारखान्यातून आलेली भोकं होती, ती केव्हाच संपली होती. पट्टा आणखी आवळता यावा म्हणून त्याच्या वर लखननं खिळा तापवून एक भोक पाडलं होतं. मग त्याच्या वर दुसरं. मग तिसरं, नुकतंच. ती वेडीवाकडी, काळ्या कडांची भोकं आदिनाथच्या तोंडासमोर होती. त्यानं पट्टा हातात घेतला, अंगठा भोकांवरून फिरवला आणि सोडला. खोगीर उतरलं, घोंगडी उतरली. लाल पट्टे उघडे पडले.

आदिनाथनं पिशवीतून मशीन काढलं. तेच, मोठं.

"वायर धर," तो म्हणाला.

लखननं वायर धरली. शेजारपाजारची माणसं कामावरून परतत होती. ती अंगणाच्या कडेला उभी राहिली. दुपारचं ऊन कलतं झालं होतं, पण चांगला उजेड होता. आदिनाथ भाजलेल्या जागा सोडून कापत होता. मशीन एका लयीत चाललं होतं. तो मधे मधे थांबून पातं स्वतःच्या गालाला लावून बघायचा. केसांचे तुकडे नव्हेत, चादरीच पडत होत्या. खाली तांबूस ढीग वाढत गेला.

आणि त्या ढिगातून शेवंती बाहेर येत गेली. आधी बरगड्या. एक एक, मोजाव्यात अशा. मग कण्याची धार, वर आलेली. मग पुठ्ठ्यावरचे दोन खड्डे, त्यात मूठ बसली असती. मांडीवर मांस म्हणून नव्हतंच. खोगिराच्या जागेवर दोन्ही बाजूंना जुने, घट्टे पडलेले व्रण. पोट तेवढं खाली सुटलेलं, म्हणून केसांत ती भरलेली दिसायची.

कुणीतरी बाई "अगं आई," म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला. सावित्राबाई भिंतीला धरून उठली, जवळ आली आणि शेवंतीच्या बरगडीवर हात ठेवला. "म्या रोज हिच्यापुढं गवत टाकते," ती म्हणाली. "रोज टाकते, बाबा. संपतं ते. मला वाटायचं, खाती."

"बोळे करून टाकत आसंल," आदिनाथ म्हणाला. "दाढा गेल्यात तिच्या. पायाखाली जाऊन संपत आसंल, मावशी. तुमचा काय दोष न्हाई."

त्यानं मशीन बंद केलं. लखन वायर धरून उभाच होता.

"लखन," आदिनाथ म्हणाला. "खरारा करत व्हतास ना तू हिचा?"

"गुंता झाला तवापासनं न्हाई."

"तुला कळलं न्हाई?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. केसांमुळं दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. त्यातलं अर्धं खरंही होतं. लखननं तोंड उघडलं, आणि त्याची नजर पडवीच्या खांबाला अडकवलेल्या तंगाकडे गेली.

"कळत व्हतं," तो म्हणाला.

आदिनाथनं त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुसता पिशवी भरायला लागला. ब्रशनं मशीन साफ केलं, पातं पुसलं. मग म्हणाला, "मी नेऊ का तिला? मालकांना विचारावं लागंल. मागल्या बाजूला जागा हाय. राहील कोपऱ्यात."

लखनला एकदम हलकं वाटलं. नेऊ दे. उद्या सकाळी पडवी रिकामी असेल, हे अंग डोळ्यांसमोर नसेल. आणि ते हलकं वाटल्याचं कळताच त्याला इतकी लाज वाटली की त्यानं मान फिरवली.

"न्हाई," रंजना म्हणाली. ती शेवंतीच्या डोक्यापाशी उभी होती. "तुमी दिली तवा इस्वासानं दिली व्हती. आता अशी परत करायची व्हय? हितंच ऱ्हाईल ती. काय घालायचं तेवढं सांगा."

"कोंडा भिजवून. उकडलेले हरभरे चेचून. गवत बारीक कापून, भिजवून. काम न्हाई."

"न्हाई करायची ती काम."

आदिनाथनं लखनकडे पाहिलं. लखननं मान हलवली. आदिनाथ मोटरसायकलवर बसला, किक मारली, मग परत बंद केली. "त्या दिवशी पोरांसमोर दोरी घेतली तुझी," तो म्हणाला, "ते मला करायला नको व्हतं." आणि निघून गेला. लखनला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतके दिवस त्याच्याकडे निदान तो राग तरी होता.

त्या रात्री रंजना त्याच्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती पहाटे उठून हरभरे शिजत घालायची आणि कामावर जायची. लखन ते चेचायचा, कोंड्यात कालवायचा, घमेलं शेवंतीच्या तोंडाशी धरायचा. ती हळू खायची, अर्धं ओठांतून सांडायचं. तो हातानं गोळा करून पुन्हा पुढं धरायचा. खाताना तिच्या बरगड्या हलायच्या. दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

उरलेल्या दातांच्या टोकदार कडा घासून घ्यायला तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दवाखाना खाली लोणावळ्यात, आणि रस्ता एकच, पॉइंटवरून जाणारा. लखन आदल्या दिवशी म्हणाला, "उजाडायच्या आत निघतो."

"एवढ्या थंडीत?" रंजना म्हणाली. केस कापल्यापासून ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. "आंगावर काय हाय तिच्या?"

म्हणून ते उन्हं चढल्यावर निघाले. सावित्राबाईनं जुन्या लुगड्यांची एक झूल शिवली होती, पुठ्ठ्यापासून मानेपर्यंत झाकणारी. वाडीतून निघताना लखननं ती घोडीवर घातली, बंद बांधले. चढ चढून माळावर येईपर्यंत ऊन तापलं. झुलीखाली शेवंतीच्या मानेशी घाम दिसायला लागला. पुढं पॉइंट होता. दिवाळीची सुट्टी लागलेली, गाड्यांची रांग, माणसांची दाटी, आणि कडेला घोडेवाले.

लखन थांबला. झूल राहू दिली असती तर तेवढा तुकडा निभावला असता. त्यानं शेवंतीच्या काखेत हात घातला. ओली होती. भाजलेल्या जागांवरची खपली घामानं मऊ पडली होती.

त्यानं बंद सोडले, झूल काढली, घडी करून खांद्यावर टाकली.

रांगेपाशी आल्यावर पहिल्यांदा कैलासचं लक्ष गेलं. तो काहीतरी बोलायला पुढं आला आणि तसाच राहिला. मग एकेकानं पाहिलं. कुणी हसलं नाही. गिऱ्हाईकंही बघत होती. कुणीतरी मोबाईल वर केला. लखन जमिनीकडे बघत चालला होता. मग त्याला वाटलं, असं चाललं तर घोडी ठेचकाळेल, म्हणून त्यानं समोर बघितलं.

माळाच्या मध्यावर शेवंती थांबली. चढ नव्हता, काही नव्हतं. दम लागला होता. तिनं मान खाली घातली आणि उभी राहिली.

एक लहान मुलगी कणीस खात खात जवळ आली. तिची आई मागून हाका मारत होती.

"काका, ही आजारी आहे का?"

"म्हातारी हाय," लखन म्हणाला.

"मग एवढी बारीक का झाली?"

आई येऊन पोहोचली होती. तिनं मुलीचा हात धरला, पण ओढलं नाही. तीही उत्तराची वाट बघत होती. कैलास ऐकण्याच्या अंतरावर होता.

"तिला चावता येत नव्हतं," लखन म्हणाला. "मला म्हाईत व्हतं. मी तशीच कामाला लावली."

मुलीला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं कणसाकडे पाहिलं, मग घोडीकडे. आई तिला घेऊन गेली. जाता जाता बाईनं वळून लखनकडे पाहिलं, आणि त्यानं नजर चुकवली नाही.

मागून एका गाडीनं हॉर्न दिला, मग दुसऱ्या. शेवंती वाटेतच उभी होती. लखननं दोरी ढिली सोडली आणि तिच्या शेजारी, तिची सावली पडत होती त्याच्या दुसऱ्या अंगाला, उन्हात उभा राहिला. गाड्या कडेनं वळून जायला लागल्या. काचांतून माणसं बघत होती. बऱ्याच वेळानं घोडीनं मान उचलली, एक पाऊल टाकलं, आणि मग तो चालायला लागला.